कमरेत मावेल असं पिस्तूल

गुरुवार, ७ सप्टेंबर

ही वही चाऱ्याच्या दुकानात फुकट मिळाली. वर कोंबडीचं चित्र आहे म्हणून घेतली. सहावीत शाळा सुटल्यापासून मी सामानाच्या याद्या आणि सांत्वनाची पत्रं सोडून काही लिहिलेलं नाही. पण आज जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि माझ्या कोंबड्या नीट ऐकून घेत नाहीत.

तर गेल्या महिन्यात कोठारामागून कुणीतरी डॉइलची तांब्याची तार चोरून नेली. डॉइल म्हणजे माझा नवरा, नऊ वर्षांपूर्वी गेला. चोर तार गुंडाळत होता आणि मी पायरीवर डॉइलची लांब बंदूक घेऊन उभी. ती खांद्यापर्यंत उचलेच ना! शेवटी ओरडले, "ती जुनी आहे, चांगली तार आत आहे!" का ओरडले देव जाणे. चोर पळाला. हे मी लेकीला, रनेलला, फोनवर हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिचं एकच पालुपद, टल्साला माझ्याकडे राहायला ये. तिनं गॅरेजवर माझ्यासाठी खोली बांधलीय. खिडकीतून दुसऱ्याचं गॅरेज दिसतं.

मी म्हटलं, मला अंगावर बाळगता येईल असं लहान पिस्तूल घेते. रोज अर्धा मैल चालत टपालाच्या डब्यापर्यंत जायचं, वाटेत मोकाट कुत्री. कपाटात बंदूक असून काय उपयोग, मी थोडीच कपाटात राहते? खूप वादावादी झाल्यावर रनेलनं सहा आठवडे दिले. अट अशी: माझं मी भरायचं, कमरेवरून काढायचं, आणि सात पावलांवर लावलेल्या कागदी ताटलीत पाचपैकी पाच गोळ्या. कुणाचा हात लागता कामा नये. जमलं तर ती टल्साचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर ख्रिसमसच्या आत सामान बांधायचं. रनेल शब्दाची पक्की आहे. तेच तर वाईट आहे.

म्हणून आज गावात बर्ल हॅचरच्या दुकानात गेले. समोरच गुलाबी रिव्हॉल्व्हर होतं, बिस्किटाएवढं, पिसासारखं हलकं! म्हटलं, हेच द्या.

"ते नको, मिस झेल्फा," बर्ल म्हणाला. मान देऊन 'मिस' म्हणतो तो मला.

"का नको? मला आवडलंय."

"मांजराचं पिल्लू घेतल्यासारखं पिस्तूल घेऊ नये."

मी ऐकेना तेव्हा मागच्या मैदानात नेऊन त्यानं मला तसलंच एक झाडायला दिलं. चाप इतका जड की दोन बोटं लावावीशी वाटली. आणि सुटलं तेव्हा खेचरानं लाथ मारावी तशी मारली! बर्ल म्हणाला, जितकं हलकं तितका धक्का जास्त, अंगात वजन असलं की धक्का पिस्तूलच सोसतं. दुकानदार बायकांना हलकं विकतात आणि बायका ते एकदा झाडून ड्रॉवरमध्ये टाकतात. मग त्यानं माझ्या तळव्याला बर्फ लावला. दहा मिनिटं. आत दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

काही न विकता मला परत पाठवलं. म्हणाला, पुढच्या गुरुवारी या. असा माणूस दुकान चालवतो तरी कसा?

गुरुवार, १४ सप्टेंबर

आज चपटी पिस्तुलं पाहिली. चार. दिसायला छान, कमरेला लागत नाहीत. पण पहिली गोळी आत चढवायला वरचा भाग मागे ओढावा लागतो आणि माझ्या अंगठ्यात संधिवात. चारही जागची हलली नाहीत. मी म्हटलं, "बर्ल, यांना जेवण घाला, मग कदाचित तोंड उघडतील." तो हसला नाही. माझ्या हाताकडे बघत राहिला. मी तोंड फिरवून भिंतीवरची हरणाची शिंगं मोजली. अकरा फाटे. एक तुटका.

मग त्यानं खणातून निळं रबरी पिस्तूल काढलं. शिकवायला वापरतात ते. आकार, वजन खऱ्यासारखं, पण भोकच नाही. "पिस्तूल निवडायच्या आधी जागा निवडा," म्हणाला. "आठवडाभर हे अंगावर वागवा. वाका, बसा, कोंबड्या पकडा. कुठं टोचतं, कुठं दिसतं ते मला सांगा. आणि पर्समध्ये ठेवायचं नाही. पर्स हिसकावता येते, नातवंडं उचकतात."

परतीच्या वाटेवर लक्षात आलं की आजही त्यानं काही विकलं नाही. त्याचा शर्ट मात्र इस्त्रीचा होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली, कोण करून देतं कोण जाणे.

शनिवार, १६ सप्टेंबर

हसून हसून पोट दुखतंय.

एप्रनचा खिसा: वाकले की पिस्तूल आधी जमिनीला. काखेजवळ: मिठी मारल्यासारखे हात आखडून चालावं लागतं. घोट्याला: ते काढायचं तर मला आधी खुर्ची लागेल, चोर थांबेल का? मग इलॅस्टिकच्या विजारीत कमरेला खोचलं आणि किराणा आणायला गेले. डबाबंद पीचच्या फळीशी वाकले आणि ते आत सरकलं. आधी मांडी, मग गुडघा. मी एक पाय ताठ करून पुठ्ठ्याच्या बाहुलीसारखी चालत सुटले. पैसे द्यायच्या रांगेत ते घोट्यातून बाहेर पडलं, थप्प!

मागे एक शेतकरी उभा होता. त्यानं ते उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाई, जाड चामड्याचा पट्टा घ्या. इलॅस्टिकनं काही व्हायचं नाही. मी उजव्या कुशीला, थोडं मागे ठेवतो." पैसे घेणारी मुलगी म्हणाली, "छे, बायकांची कंबर वरती असते, पुढे ठेवा हो." मग रांगेत चांगली चर्चा रंगली. आइस्क्रीम वितळलं एकाचं.

डॉइलचा जुना पट्टा कापून त्याला नवी भोकं पाडलीत. बर्लनं दिलेली कडक होल्स्टर, पिस्तुलाचं म्यान, त्यात ओवली, म्हणजे चाप झाकलेला राहतो. उजव्या कुशीला, थोडं मागे. वरून सैल ब्लाउज. काही दिसत नाही!

रविवार, १७ सप्टेंबर

चर्चला लावून गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्याकडे दारात मिठ्या मारायची पद्धत, पण सगळ्यांचे हात खांद्यावर. फक्त अर्वेटाचा हात कमरेवर पडला. अर्वेटा माझी पस्तीस वर्षांची मैत्रीण, तिच्या मिठीला दिशा नसते. हात पडला आणि तिथेच थांबला. मग ती मागे झाली, माझ्याकडे बघितलं, डोळे भरून आले, आणि एक शब्द न बोलता माझा हात घट्ट दाबून निघून गेली.

तिचं मांजर गेलं असावं. म्हातारं झालं होतं.

मंगळवार, १९ सप्टेंबर

लोक किती चांगले असतात! सकाळपासून चर्चमधल्या सहा जणी येऊन गेल्या, प्रत्येकीच्या हातात भट्टीतून काढलेलं भांडं. चिकन आणि भात, टूना आणि नूडल्स, दोन हिरव्या शेंगांची, एक रताळ्याचं. सहावं काय आहे ते अजून कळलेलं नाही. माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो. कदाचित तार चोरीला गेल्याचं आता कळलं असेल.

एकीनं कोंबड्यांना दाणे टाकले. एकीनं माझी लादी पुसली, मी नको म्हणत असताना! पाळक येऊन हात धरून म्हणाले, "सिस्टर झेल्फा, सगळं त्याच्या हाती आहे." मी म्हटलं, "हो, पण सराव आपल्यालाच करावा लागतो." त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "केवढं हे धैर्य."

फ्रीजचं दार लागत नाहीये.

गुरुवार, २१ सप्टेंबर

आज पाच पिस्तुलं. एक वरचा भाग ओढला जाईल असं होतं, पण मूठ इतकी आखूड की करंगळी अधांतरी. एकाचा नेम धरायचा ठिपका दिसेना. एक माझ्याच्यानं ओढलं गेलं, आनंदानं किंचाळले, पण बर्ल म्हणाला, "नको. हे कधी कधी अडकतं. तुमच्या हातात अडकलेलं मला चालणार नाही." मला चाललं असतं!

दोन आठवडे सरले. चार राहिले. घरी येताना गाडीत टल्साची खोली डोळ्यांसमोर आली. तिथे कोंबड्या ठेवू देत नाहीत. मी मोठ्यानं गाणं म्हणत आले.

रविवार, २४ सप्टेंबर

कुठून सुरू करू! अजून हसू येतंय की लाज वाटतेय तेच कळत नाही.

आज चर्चमध्ये आजाऱ्यांची यादी वाचायची वेळ आली. पाळकांनी नावं घेतली, कुणाचा गुडघा, कुणाचं हृदय. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आपली सिस्टर झेल्फा रेनबोल्ट. कमरेवरची गाठ. तिनं कुणाला सांगितलेलं नाही, पण देवाला ठाऊक आहे."

मी मागे वळून बघितलं, दुसरी झेल्फा कोण ते. मग सगळे माझ्याकडेच बघताना दिसले. अर्वेटा रुमालात तोंड खुपसून रडत होती. आणि एकदम सगळं डोक्यात लख्ख झालं. मिठी! सहा भांडी! पुसलेली लादी!

"अगं, ही गाठ नाही!" असं म्हणत मी उठले, ब्लाउज बाजूला केला आणि पिस्तूल काढून उंच धरलं.

असं करू नये. आता कळतंय. कारण त्या क्षणी अख्ख्या चर्चमधले पुरुष आणि निम्म्या बायका, सगळ्यांचे हात कमरेकडे नाहीतर पर्सकडे गेले. आमचं चर्च किती सज्ज आहे ते आज मला कळलं. ऑर्गन वाजवणारी बाई, ब्याऐंशी वर्षांची, तिचाही!

"निळं आहे!" मी ओरडले. "रबराचं आहे! नळीला भोकच नाही!"

सगळे हात जागेवर परत गेले. मग अर्वेटा रडता रडता म्हणाली, "म्हणजे तू मरत नाहीस?"

"नाही गं बाई."

"मग माझं भांडं परत दे!"

आणि जे काय हसणं फुटलं! पाळक वेदीला धरून हसत होते. प्रवचन झालंच नाही.

पण नीट लिहायचं तर पुढचंही लिहायला हवं. अर्वेटानं काल रनेलला फोन केला होता. मी घरी आले तर रनेल पायरीवर बसलेली. टल्साहून तीन तास गाडी हाणत आली होती. डोळे सुजलेले. मी सगळं सांगितलं, निळं पिस्तूलही दाखवलं. वाटलं, हसेल.

"बाबांनीही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात कळलं मला. वाटलं, तूही तसंच करतेयस."

"अगं, मी ठणठणीत आहे."

"एप्रिलमध्ये न्हाणीघरात पडलीस ते मला अर्वेटाकडून कळलं, आई. काल."

ते पडणं नव्हतं. मी जरा पटकन बसले होते, एवढंच. पण ती ऐकेना. म्हणाली, "सहा आठवडे रद्द. शनिवारी मी येते. शनिवारी पाचपैकी पाच, नाहीतर त्याच दिवशी माझ्याबरोबर निघायचं." आणि मला इतकं घट्ट धरलं की निळं पिस्तूल दोघींनाही टोचलं.

ती गेली आणि तासाभरात बर्लची गाडी आली. हातात टोपी आणि एक सफरचंदाचं पाय, भट्टीत भाजतात ते गोड पक्वान्न, कडा जळलेल्या. चाऱ्याच्या दुकानात त्याला कुणीतरी गाठीचं सांगितलं होतं. मी म्हटलं, "अहो, ती गाठ तुम्हीच दिलीत मला!" आणि गोष्ट सांगितली. तो पायरीवर मटकन बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. मग हसायला लागला, मग उठून कोठारापर्यंत गेला आणि बराच वेळ नाक शिंकरत उभा राहिला. सप्टेंबरात या भागात फार धूळ असते.

शनिवारचं सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. "उद्या ये," म्हणाला. "गुरुवारची वाट बघू नकोस, झेल्फा." 'मिस' कुठं गेलं ते विचारायचं राहूनच गेलं.

सफरचंदाचं पाय आतून कच्चं होतं. सगळं खाल्लं.

सोमवार, २५ सप्टेंबर

मिळालं!

बर्लनं पुढच्याच कपाटातून एक काढलं. काळपट, जाडसर, नाकाडं. गुलाबीचा मागमूस नाही. "मध्यम आहे," म्हणाला. "कमरेत मावतं आणि धक्का सोसण्याइतकं अंगात वजन आहे. आतली स्प्रिंग मऊ. आता ओढू नकोस. छातीशी धर. डाव्या हातानं वरचा भाग अख्ख्या तळव्यात घट्ट धर, चिमटीत नाही. आणि उजव्या हातानं खालचं पिस्तूल पुढे ढकल. नळी मात्र कायम समोर."

ढकललं. खटॅक!

माझा विश्वासच बसेना. परत केलं. खटॅक! अंगठ्याचं कामच नाही, सगळं खांद्याचं! आयुष्यभर कणीक तिंबली, खांदे माझे बैलासारखे आहेत. वीस वेळा केलं. बर्ल म्हणाला, "पुरे, आता गोळ्या." सातव्या खेपेला ताटलीत पाचपैकी चार गेल्या. फॉर्म भरला, सरकारी चौकशीचा फोन झाला, आणि ते माझं झालं.

एकच कळत नाही. हे पिस्तूल पहिल्या गुरुवारीही त्याच कपाटात होतं, मला आठवतंय, गुलाबीच्या शेजारीच. बर्लच्या कसं लक्षात आलं नाही? वय होत चाललं त्याचं.

शनिवार, ३० सप्टेंबर

आठवडाभर रोज सराव केला. बर्ल रोज चार वाजता दुकान बंद करून यायचा. असंच चाललं तर त्याला गिऱ्हाईकच उरायचं नाही.

रनेल दहाला आली. गाडीत रिकामी खोकी होती, घड्या घातलेली. मी पाहिली, तिनं पाहिलं की मी पाहिली. तिनं गाडीचं दार लावून घेतलं. दुकानामागच्या मैदानात बर्लनं ताटली लावली आणि तो लांब कुंपणाशी जाऊन उभा राहिला. मी गोळ्यांचं मॅगझिन भरलं. अंगठा ठणकला, भरलं. खोचलं, ढकललं, खटॅक. होल्स्टरमध्ये ठेवलं.

"तयार असशील तेव्हा," रनेल म्हणाली.

काढलं. एक. दोन. तीन. कानावर आवरणं, नजर ठिपक्यावर. चार. चौथ्यानंतर कोंबड्या आठवल्या, आणि ती खोकी, आणि हात जरासा हलला. पाच.

पिस्तूल मोकळं करून ठेवलं. रनेल ताटलीजवळ गेली. चार भोकं मधोमध. पाचवं काठावर. काठ फाटून बाहेर आला होता, भोक अर्धं कागदात, अर्धं हवेत. तिनं त्यात करंगळी घालून पाहिली. फिरवली. ताटली उन्हात धरली. बर्लनं कुंपणाची तार धरली होती. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, घ्यायला सुचलं नाही.

रनेलनं ताटली खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"पाच," म्हणाली.

आत होतंच ते! स्पष्ट आत होतं! मी तिला उचलायला गेले, तिनंच मला उचललं. मग म्हणाली, "रोज रात्री फोन करायचा. आणि पडलीस तर मला सांगायचं, अर्वेटाला नाही." मी कबूल केलं. खोक्यांत मी तिला अंडी, शेंगांची दोन भांडी आणि ते सहावं काय ते भरून दिलं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

टपालाच्या डब्यापर्यंत गेले. पिस्तूल कमरेला, कळतही नाही असल्याचं. कुत्री लांबूनच गेली. एकोणीस अंडी. दुपारी काही करायला नव्हतं. तीन वेळा घड्याळ बघितलं. आनंदाचा दिवस आहे, मग असं ओकंओकं का वाटतंय कळत नाही. कदाचित टूना.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

सकाळी निळा ब्लाउज घातला, केस धुतले आणि गावात गेले. रस्त्यात काहीच ठरवलं नव्हतं. दुकानात बर्ल काउंटर पुसत होता. तो तसाच थांबला.

"बर्ल," मी म्हटलं, "हे पिस्तूल काही बरोबर नाही."

"का, काय झालं?"

"डावीकडे ओढतं."

देव मला क्षमा करो. त्यानं ते हातात घेतलं, मोकळं करून उलटसुलट पाहिलं, मग मागे जाऊन पाच गोळ्या झाडून आला. ताटलीवर पाचही भोकं एकमेकांत शिरलेली, बरोब्बर मध्ये. मी ती न बघितल्यासारखं केलं. त्यानंही ती दाखवायची म्हणून धरली नाही. काउंटरखाली सारली.

"ओढतं खरं," बर्ल म्हणाला. "बारीक काम आहे. एका गुरुवारात व्हायचं नाही."

"मग किती गुरुवार लागतील?"

तो भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. ऑक्टोबर उलटला. नोव्हेंबर बघितला. डिसेंबर बघितला. मग मागचा कोरा पुठ्ठाही उलटून पाहिला. कान लालभडक झाले होते त्याचे.

"नवीन कॅलेंडर आलं," म्हणाला, "की त्यातले मोजून सांगतो."

मी म्हटलं, चालेल, मला घाई नाही. आणि स्टूल ओढून बसले.